पतंगांच्या दिवसांतला सायरन

रेवा, अर्णव, गेल्या रविवारी फोनवर बोलताना रेवा म्हणाली, "आजी, आजोबांचा माइक बदला ना. खरखर येते." आजोबा हसले आणि फोन माझ्याकडे देऊन गच्चीवर निघून गेले. माइक नवा आहे. तुम्ही दोघं अगदी लहान होतात तेव्हापासून तुम्ही हाच आवाज ऐकत आला आहात, म्हणून तुम्हाला वाटतं की आजोबा असेच बोलतात. तुम्हाला माहीत असलेला आवाज आजोबांचा नाही. त्यांचा आवाज पतंगांच्या एका मोसमात गेला. तो वाचू शकला असता का, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या घरात आहे. पाहुण्यांसमोर तो कोणी काढत नाही.

तो मोसम आता पुन्हा आला आहे. गंगापूर रोडवर सकाळी धुकं असतं आणि दहा वाजता एकदम ऊन चढतं. मफलर गुंडाळून बाहेर पडलेली माणसं परतताना तो खांद्यावर टाकून येतात. हातगाड्यांवर पहिली द्राक्षं आली आहेत. अजून आंबट आहेत, पण गाडीवाला शपथेवर गोड म्हणतो. दुपारी तीननंतर आमच्या कॉलनीच्या प्रत्येक गच्चीवर माणसं उभी असतात आणि आकाशात जागा उरत नाही. एखादा पतंग कटला की चार गल्ल्यांमधून एकच आरोळी उठते, "गई बोला रे, धिना!" कितीतरी वर्षं त्या आरोळीत सगळ्यांत वरचा आवाज तुमच्या आजोबांचा असायचा. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी नोकरी धरणांच्या भिंतींवर गेली. या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची सवय, तीच त्यांनी घरी आणली. तुमचा बाबा लहानपणी मैदानावर क्रिकेट खेळत असायचा आणि आजोबा गच्चीवरून त्याला जेवायला बोलवायचे. मैदान चांगलं दोन गल्ल्या पलीकडे होतं. बाबा यायचाच, पण त्याच्याबरोबर इतर मुलंही आपापल्या घरी जायची.

या दिवसांत सायरनही वाढतात. स्कूटरच्या हँडलला लोखंडी सळईची कमान बसवलेली माणसं दिसू लागतात, दोरा गळ्यापर्यंत येऊ नये म्हणून. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे. पोलीस छापे घालतात, वर्तमानपत्रात जप्त केलेल्या रिळांचे फोटो येतात आणि तरीही सकाळी माझ्या जास्वंदीत तो अडकलेला सापडतो. मी हातमोजे घालून तो काढते. कॉलनीत कोणालाही विचारा, सगळे साधा सुती दोराच वापरतात. आम्हीही वापरत होतो, असं मला आजोबांनी सांगितलं आहे.

सायरन ऐकू आला की मी बाल्कनीत येते. कोणती गाडी आहे, आत कोणी आहे का, कुठे वळते, हे बघते. सायरन वाजवत गेलेली गाडी पुढच्या चौकात चहाच्या टपरीसमोर उभी असलेली मी एकदा पाहिली आहे. आजोबा म्हणाले, "अगं, पेशंट सोडून परत येत असतील."

"मग सायरन कशाला?"

"सवय."

"का सिग्नलमधून सुटका?"

"तू ना, देवळातल्या घंटेचीसुद्धा चौकशी करशील."

मी पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं परीक्षांची व्यवस्था पाहिली. मुलाच्या चेहऱ्यावरून कॉपी ओळखायची सवय लागली की ती निवृत्त होत नाही. त्या भोगीच्या दिवशी ही सवय कामाला आली की आड आली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

भोगीला बाजरीच्या तीळ लावलेल्या भाकऱ्या आणि मिसळीची भाजी झाली होती. दुसऱ्या दिवशीच्या सुगडांसाठी ओला हरभरा हवा म्हणून आजोबा दुपारी स्कूटरवर निघाले. ऊन होतं, मफलर खुंटीवर होता. आमच्या गल्लीत तेव्हा अग्निशमन दलाचा बंब उभा होता. कोपऱ्यावरच्या निलगिरीत एक घार मांज्यात उलटी लटकली होती आणि कोणीतरी फोन केला होता. एका घारीसाठी एवढी मोठी गाडी आणि चार माणसं! मी मनात म्हटलं, दुपार घालवायला आले असतील. एक जवान शिडीवर चढत होता, बाकीचे मान वर करून त्याला सूचना देत होते.

आजोबा परत आले ते मी पाहिलं नाही. मी आत स्वयंपाकघरात बसून तीळ निवडत होते. कानावर फक्त एक घासल्याचा आवाज आला. कोणी ओरडलं नाही. ज्या माणसाची हाक दोन गल्ल्या ओलांडायची, तो माणूस ओरडला नाही. म्हणूनच मी उठायला उशीर केला असावा. बाहेर आले तेव्हा स्कूटर कुंपणाला टेकली होती, हरभऱ्याची जुडी रस्त्यात पडली होती आणि आजोबा दोन्ही हातांनी गळा धरून फाटकाशी बसले होते. त्यांच्या बोटांमधून रक्त येत होतं आणि खांद्यावरून एक हिरवा, चमकणारा दोरा हवेत वर गेला होता. तो ताठ होता. म्हणजे पलीकडच्या टोकाला अजून कोणीतरी होतं.

शिडीखालचा एक जवान धावत आला. त्याने कापडाची जाड घडी आजोबांच्या गळ्यावर दाबली आणि माझा तळहात ओढून त्यावर ठेवला. "मावशी, दाबून धरा. काय बी झालं तरी सोडायचा नाय." मग तो बंबाकडे पळाला, कारण शिडी उतरवून बंब मागे घेतल्याशिवाय गल्लीत दुसरी गाडी येऊच शकणार नव्हती. माझ्या तळहाताखाली आजोबांचा गळा हलत होता. ते काहीतरी बोलत होते आणि आवाज नव्हता.

डाव्या हाताने मी सरकारी रुग्णवाहिकेचा नंबर लावला. तुमची आई सांगते की तुमच्याकडे परदेशात तीन आकडे दाबले की गाडी येते आणि कोणी शंका घेत नाही. इथेही तीनच आकडे आहेत. फोनवरच्या बाईचा आवाज शांत होता, इतका शांत की मला राग आला.

"जिल्हा?"

"नाशिक."

"तालुका?"

"अहो, गंगापूर रोड! इथे माणूस रक्तात बसलाय आणि तुम्ही तालुका विचारता?"

"गंगापूर तालुका का, मॅडम?"

"नाही हो! नाशिक शहर, गंगापूर रोड!"

मला वाटलं, ही बाई वेळ काढते आहे, गाडी नसणार. पुढे शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की गंगापूर नावाचा तालुका दुसऱ्या जिल्ह्यात आहे. ती दुसऱ्या शहरात बसून सगळ्या राज्याचे फोन घेते. मी नुसतं गंगापूर म्हटलं असतं तर तिने गाडी तिकडे पाठवली असती. तिने पुढे विचारलं, शुद्धीवर आहेत का, श्वास घेताना घरघर येते का, जखम किती लांब, जवळची खूण कोणती. प्रत्येक प्रश्नाला मला वाटत होतं की हा शेवटचा असेल. शेवटी ती म्हणाली, "गाडी निघालीये मॅडम, तुमच्या पहिल्या उत्तरालाच निघाली. हात सोडू नका." हे खरं होतं का, की लोकांना धीर यावा म्हणून सगळ्यांनाच असं सांगतात, ते मला आजही माहीत नाही.

तोवर भालेराव आले होते. भालेराव आमचे समोरचे शेजारी, इमारतींचे कंत्राटदार होते, आता सगळ्या कॉलनीचं कामकाज बघतात. आमच्या नाशिकमध्ये संकट आलं की माणूस आधी ओळख शोधतो आणि मग नंबर. प्रत्येकाची एक ओळख असते आणि प्रत्येक ओळखीची एक रुग्णवाहिका असते. तिच्या दारावर हात जोडून हसणाऱ्या कोणा पुढाऱ्याचा फोटो असतो. भालेरावांनी आपली ओळख वापरली होती. "वहिनी, सरकारी गाडी म्हणजे सरकारी. माझा एक फोन झालाय, आलीच बघा."

आणि ती खरंच आली. आधी आली. बंब मागे येत होता आणि ही पुढे घुसली, त्यामुळे दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. बंबाचा ड्रायव्हर ओरडला, "अय, मागं घे ना!" फोटोच्या गाडीतून उत्तर आलं, "पेशंट घेतल्याबिगर मागं जात नसतो!" त्यातून दोन माणसं उतरली आणि स्ट्रेचर ओढू लागली.

मी विचारलं, "कुठल्या हॉस्पिटलला नेणार?"

"चांगलं हॉस्पिटल हे, काकू. आपल्या ओळखीचं."

"नाव?"

"बसा तर खरं. वाटेत सांगतो."

"आत डॉक्टर आहे?"

"डॉक्टर हॉस्पिटलात असतो ना, काकू."

"गळ्याचा सर्जन आहे का तिथे? आत्ता, या वेळेला?"

"वहिनी!" भालेराव ओरडले, "मुलाखत घेताय का? रक्त जातंय त्यांचं!"

तो गाडीवाला मला उत्तर देण्याआधी भालेरावांकडे बघत होता. परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्न एकाला विचारावा आणि त्याने शेजारच्या बाकाकडे बघावं, तशी ती नजर होती. कोणत्या हॉस्पिटलात पेशंट पोचवला की कोणाला काय मिळतं, याच्या गोष्टी मी ऐकून होते. आजोबांनी तेव्हा माझं मनगट पकडलं. घट्ट, बोटं रुतावीत असं. ते माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते. मी त्याचा अर्थ लावला, मला यांच्याबरोबर पाठवू नकोस.

मी म्हटलं, "नाही. आम्ही थांबतो."

गल्लीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. एकीने मुठीत हळद आणली होती, मी तिलाही हात लावू दिला नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "शिकलेल्या बायका." बंबावरचा तो जवान परत आला, त्याने खाली वाकून आजोबांचा चेहरा पाहिला आणि मला म्हणाला, "मावशी, काय ते झटक्यात ठरवा." मी ठरवलंच होतं. फक्त ते बरोबर होतं की नाही हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथेच अडकली. पुढे फोटोची गाडी, तिच्यापुढे बंब, वर झाडात घार. गाडीतली डॉक्टर उतरून पिशवी घेऊन चालतच आली. पोरगी अकरावीतली वाटावी इतकी लहान. माझा धीर आणखी सुटला. तिने माझ्याशी ओळख वगैरे केली नाही.

"पाणी पाजलं का कोणी?"

"नाही."

"हळद?"

"लावू दिली नाही."

"बरं केलं. आता हात काढा, आजी."

"काढू?"

"काढा. मी धरलंय."

माझ्याने तो काढवेना. शेवटी तिनेच एकेक बोट उचललं. जवानांनी आजोबांना स्ट्रेचरवरून दोन्ही गाड्यांच्या कडेने, गटारावरून उचलत नेलं. मी मागे चढू लागले तर ती म्हणाली, "तुम्ही पुढं बसा. मागं बसलात तर मला काम सुचायचं नाय." बोलण्यावरून चांदवडकडची वाटली. पुढे ड्रायव्हर पांढऱ्या दाढीचे होते, मालेगावचे. "अम्मा, पट्टा लावा," एवढंच म्हणाले आणि निघाले.

गंगापूर रोडवर एक मोठं काचेचं हॉस्पिटल आहे. ते आलं आणि गेलं. मी वळून मधल्या खिडकीतून मागे विचारलं, "हे जवळचं सोडून पुढे का?"

"तिथं गळ्याचा डॉक्टर आत्ता नाय, आजी."

"तुला कसं माहीत?"

"विचारलं."

"कोणाला?"

"आजी, पुढं बघा."

मग मला तिचा फोनवरचा आवाज ऐकू येत राहिला. वय, जखम, रक्तदाब, थिएटर तयार ठेवा, रक्त मागवून ठेवा. चौकाचौकात लोक बाजूला होत होते, काही होत नव्हते. एक मोटारसायकलवाला आमच्यामागे लागून सिग्नल तोडून निघाला. रुग्णवाहिका म्हणजे वेगाने पळणारी गाडी, असंच मी तोवर समजत होते. खरं काम त्या फोनमध्ये चाललं होतं. आम्ही पोचायच्या आधी कुठेतरी एक खोली रिकामी होत होती, एक माणूस हात धूत होता. तरीही मी रस्त्याच्या पाट्या वाचत होते. गाडी कुठे वळते आहे हे मला कळायला हवं होतं.

आजोबा वाचले. ते तुम्हाला माहीतच आहे. आवाजाची एक नस तुटली ती जुळली नाही. दोन दिवसांनी सर्जन खोलीत आले, आजोबांच्या गळ्यावरची पट्टी पाहिली आणि जाता जाता मला म्हणाले, "नस दोऱ्यानेच कापली होती, त्याच क्षणाला. लवकर आला असता तरी काही फरक पडला नसता." मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. न विचारता दिलेल्या उत्तराचा मला शाळेपासून संशय आहे. म्हाताऱ्या बाईला रात्री झोप यावी म्हणून चांगली माणसं असं बोलतात. ते चांगले होते, हाच त्यांच्या उत्तरातला घोटाळा आहे.

भालेराव सफरचंदं घेऊन भेटायला आले होते. आजोबांचा हात हातात घेऊन बराच वेळ बसले. उठताना मला म्हणाले, "आपली गाडी आधी आली होती, वहिनी. पण जाऊ द्या." ते "जाऊ द्या" अजून गेलेलं नाही. मलाही त्यांच्याबद्दल एक गोष्ट जाऊ देता आलेली नाही. त्या दुपारी त्यांच्या गच्चीवर पाहुणे होते, आणि हिरवा दोरा वर कुठे गेला होता हे कोणी बघायच्या आत तो ढिला होऊन खाली पडला. त्यांची गाडी इतक्या लवकर कशी आली? कोणाला तरी फार घाई होती, ती काळजीची होती की कसली? मी विचारलं नाही. संक्रांतीला आम्ही एकमेकांच्या हातावर तिळगूळ ठेवतो. ते माझ्या वड्यांचं कौतुक करतात. घार सुटली असं सगळे सांगतात, पण सुटलेली घार पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

यात मी काय केलं, असं तुम्ही मोठे झाल्यावर विचाराल, म्हणून लिहून ठेवते. मी तीन प्रश्न विचारले आणि एक गाडी परत पाठवली. आजही ती गाडी दारात आली तर हेच तीन प्रश्न विचारीन. पेट्रोल पंपाजवळ झाडाखाली सरकारी गाडी उभी असते, तिथे जाऊन मी दोनदा चौकशीही केली. गाडीत प्राणवायू कोण तपासतं, पाळी बदलताना फोन आला तर कोण जातं, जवळचं हॉस्पिटल नाही म्हणालं तर पुढे काय. तिथली मुलं आता मला ओळखतात. लांबून दिसले की एक दुसऱ्याला म्हणतो, "आली रे तपासणी." पण उत्तरं देतात. एकाने तर सिलिंडरचा काटा दाखवला, मी न मागता. म्हणून मी तो पुन्हा नीट पाहिला.

राहिली होती ती एकच चौकशी, घरातली. आजोबांनी माझं मनगट पकडलं होतं. मी त्याचा एक अर्थ लावला आणि त्यावर त्यांचा जीव ठेवला. त्याचा उलटा अर्थ असेल तर? चल, बस, ने मला, असं ते म्हणत असतील तर? आजोबांचा आवाज जसा परत आला, खरखरीत का होईना, तसा मला हा प्रश्न विचारता आला असता. विचारला नाही. उत्तर आलं तर त्याचं काय करायचं, हे ठरत नव्हतं.

त्या रविवारी, तुमचा फोन झाल्यावर, मी वर गच्चीवर गेले. आजोबा खुर्चीत बसून पतंग बघत होते. आभाळ लाल झालं होतं. कुठेतरी पतंग कटला आणि चारी बाजूंनी आरोळी उठली. आजोबांनीही तोंड उघडलं आणि मिटलं. मी शेजारी बसले आणि विचारून टाकलं.

"अहो, त्या दिवशी फाटकाशी तुम्ही माझा हात धरला होता. काहीतरी सांगत होतात. त्या गाडीत जायचं होतं का तुम्हाला?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेतल्या एखाद्या विसरलेल्या मुलाचं नाव घेतलं.

"कुठल्या गाडीत?"

"फोटोवाल्या. भालेरावांच्या."

"मला गाडीबिडी काही दिसतच नव्हती," ते म्हणाले. मग थांबून, श्वास घेऊन, एकेक शब्द घासत म्हणाले, "स्कूटर चालूच राहिली होती. बंद कर म्हणत होतो. पेट्रोल जात होतं."

मी हसले. मग रडले. मग पुन्हा हसले. ते म्हणाले, "एवढी वर्षं हे डोक्यात घेऊन बसलीस? वेडी आहेस." खाली आल्यावर मी भाकरी केली, जेवण झालं, मी शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भालेराव फाटकाशी दिसले तेव्हा मी सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊजी, त्या भोगीला यांची स्कूटर चालूच राहिली होती का हो?"

"होती की!" ते लगेच म्हणाले. "मीच बंद केली, वहिनी. चावी काढून तुमच्या ओट्यावर ठेवली. विसरलात?"

म्हणजे जुळलं. सगळं नीट जुळलं. ज्या गोष्टीची मला इतकी वर्षं भीती होती, ती कधी नव्हतीच. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी, कारण मी तुमच्यापासून काही लपवत नाही. भालेराव फाटकाशी उभे होते ते आजोबांबरोबर फिरून आले होते म्हणून. दोघं रोज सकाळी तासभर एकत्र फिरतात, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा बरेच उशिरा परतले होते.